पुस्तक कुठे सोडलंस?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत. मुलगी चौदाची, नववीत. दोघंही इंग्रजी माध्यमात, पण घरात मराठी अस्खलित बोलतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही मुलासाठी ‘फास्टर फेणे’चा संच आणि ‘श्यामची आई’ हौसेनं आणलंत, आणि तो दहा-बारा पानांपुढे गेला नाही. मुलगी इंग्रजी जाडजूड कादंबऱ्या दोन दिवसांत संपवते, मराठी पुस्तक मात्र ‘बोअर’ म्हणून बाजूला ठेवते. तुम्हाला दोघांसाठी वीस-वीस पुस्तकांची यादी हवी आहे.

पुस्तकांची नावं देते, पण वीस-वीसची यादी करत नाही. त्याचं कारण आधी सांगायला हवं.

एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात मी चोवीस वर्षं बालविभाग सांभाळते आहे. सुरुवातीची काही वर्षं मीही इयत्तेनुसार याद्या करून पालकांना द्यायचे. पालक त्या घडी घालून पर्समध्ये ठेवायचे, यादीतलं पुस्तक घरी न्यायचे आणि आठवड्यानं परत आणायचे. न उघडलेलं पुस्तक देवघेवीच्या टेबलावर हाताला लगेच कळतं. पानं एकमेकांना घट्ट असतात, बांधणी कडक असते. याउलट काही पुस्तकं परत येताना थोडी फुगलेली असतात, त्यांच्यात शेंगदाण्याची सालं निघतात. माझ्या याद्यांतली पुस्तकं कडक परत यायची. आतल्या तारखेच्या चिठ्ठीवर शिक्के भरपूर, वाचलेलं पान एकही नाही.

मग मी मुलांशी बोलायला लागले. ‘तुला काय आवडतं?’ असं विचारलं की मुलं आपल्याला बरं वाटेल ते सांगतात. कुणी ‘शिवाजी महाराज’ म्हणतं, कुणी ‘विज्ञान’. आई शेजारी उभी असेल तर हमखास. ‘शेवटचं पुस्तक कुठे सोडलंस?’ या प्रश्नाला मात्र मुलं खरं उत्तर देतात. सोडणं हा गुन्हा नाही, इतकं त्यांना आपल्या आवाजावरून कळलं पाहिजे. पान सांगता आलं नाही तरी गोष्टीतली जागा सांगतात. तेवढ्यावर पुढचं पुस्तक सुचवता येतं.

एक मुलगा होता, चौथीतला. प्रत्येक पुस्तक वीस-पंचवीस पानांवर सोडायचा. साहसकथा असो, भुताची असो की क्रिकेटची, सोडायची जागा तीच. गोष्ट आवडली नाही तर मुलं कुठेही सोडतात. कधी तिसऱ्या पानावर, कधी मधे. याचं पान बदलत नव्हतं, म्हणजे अडचण गोष्टीत नव्हती. मी त्याच्या आजोबांना म्हटलं, एकदा डोळे दाखवा. चष्मा लागला. त्यानंतर त्यानं तीच पुस्तकं मागून नेली आणि पुरी केली. मी आधी त्याला आणखी ‘सोपी’ पुस्तकं देत होते, आणि त्यातली काही तर आणखी बारीक टाइपातली होती. ती चूक मला अजून टोचते.

दुसरी एक मुलगी, सातवीतली, ‘पाडस’ अर्ध्यावर परत घेऊन आली. मार्जोरी रॉलिंग्जची १९३८ सालची अमेरिकी कादंबरी, मराठीत राम पटवर्धनांनी आणलेली. मला वाटलं, जाड आहे, जंगलाची वर्णनं लांब आहेत, कंटाळली असेल. विचारलं तर म्हणाली, ‘त्या पाडसाचं पुढे काय होणार ते मला कळलं. मला ते वाचायचं नाही.’ हे कंटाळणं नव्हतं. पुस्तक इतकं आत गेलं होतं की तिनं स्वतःला सांभाळायला ते मिटलं होतं. तिला ‘याहून हलकं’ पुस्तक दिलं असतं तर तो तिचा अपमान झाला असता. मी ‘पाडस’ तिच्या नावावर नोंदवूनच ठेवलं आणि तोवर ‘चौघीजणी’ दिलं. लुइसा मे अल्कॉटची ती कादंबरी शांता शेळक्यांनी मराठीत इतकी आपलीशी केली आहे की त्या चार बहिणी शेजारच्या घरात राहतात असं वाटतं. दोन महिन्यांनी तिनंच ‘पाडस’ मागितलं.

आता तुमचा मुलगा. दहा-बारा पानांवर दोन्ही पुस्तकं सुटली, आणि दोन्ही एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत. म्हणजे इथेही गोष्टीपेक्षा वाचण्याच्या कष्टाचा संशय घ्यावा. एक साधी गोष्ट करा. त्याला इंग्रजीचं एक पान मोठ्यानं वाचू द्या, मग मराठीचं एक पान. घड्याळ लावून परीक्षा घेऊ नका, नुसतं ऐका. इंग्रजी माध्यमातल्या खूप मुलांचं असं असतं की मराठी कानाला पूर्ण ओळखीची, पण डोळ्यांना परकी. ‘आश्चर्य’, ‘दुर्दैव’, ‘उद्ध्वस्त’ हे शब्द ऐकले की कळतात. छापलेले दिसले की रफार नि जोडाक्षर सोडवत बसावं लागतं. तोवर वाक्याची सुरुवात विसरायला होते. अशा मुलाला गोष्ट दहा वर्षांच्या डोक्याची हवी असते आणि वाचण्याचा वेग सात वर्षांच्या मुलाचा असतो. आपण त्याला दुसरीतल्या मुलाचं पुस्तक दिलं तर त्याला लाज वाटते, पाचवीतल्या मुलाचं दिलं तर दम लागतो. दोन्हींच्या मधली वाट शोधायची.

त्या वाटेवरची माझी पहिली पसंती कविता. पालकांना याचं नवल वाटतं, कारण त्यांना कविता अवघड वाटते. पण मंद वाचणाऱ्या मुलासाठी यमक म्हणजे हात धरणारा मोठा भाऊ आहे. पुढचा शब्द कानात आधीच येऊन बसलेला असतो, डोळ्यांनी तो फक्त ओळखायचा. विंदा करंदीकरांच्या बालकविता आणा. ‘राणीची बाग’, ‘एकदा काय झालं’, ‘एटू लोकांचा देश’, ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’. दहा वर्षांच्या मुलाला पिशीमावशी आणि भुतं फार भावतात. ज्ञानपीठ मिळालेल्या या कवीनं मुलांसाठी लिहिताना भाषा कुठेही पातळ केलेली नाही, त्यामुळे मोठ्या बहिणीलाही शेजारी बसून ऐकायला लाज वाटत नाही. तुम्ही मोठ्यानं म्हणा, त्याला म्हणू द्या, चालीवर म्हणा. अर्थ विचारू नका.

दुसरी वाट चित्रकथेची. ‘चिंटू’ १९९१ पासून वर्तमानपत्रात येत होता. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांच्या त्या पट्ट्यांची पुस्तकं निघाली आहेत. तीन-चार चौकटींत गोष्ट संपते आणि मुलानं काहीतरी पुरं केलेलं असतं. पुरं करणं ही सवय आहे, आणि ज्याला कधीच पुरं करता आलं नाही त्याला ती आधी लावावी लागते. ‘चित्रांचं कसलं वाचन’ असं घरात कुणी म्हणत असेल तर त्यांना थोडं थांबायला सांगा.

तिसरी, एका बैठकीत संपणाऱ्या गोष्टींची. दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ इथे उत्तम चालतो. प्रत्येक गोष्ट स्वतंत्र, शहरातल्या साध्या घरातली, आणि बोक्याच्या उचापतींमागे कुणाला तरी मदत करायची तळमळ असते. संगीता बर्वे यांचं ‘पियूची वही’ एका मुलीच्या वहीच्या रूपात आहे. २०२२ साली त्याला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. रोजनिशीचा एक मोठा फायदा असा की कुठेही थांबता येतं आणि कुठूनही पुन्हा सुरू करता येतं. सलीम सरदार मुल्ला यांचं ‘जंगल खजिन्याचा शोध’ही असाच पुरस्कार मिळालेलं, २०१९ सालचं. प्राणी-झाडं आवडणाऱ्या मुलाला ते जरा नंतर द्या.

आणि ‘किशोर’. बालभारतीचं हे मासिक नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झालं. आमच्याकडे जुने अंक बांधून ठेवलेत, आणि सर्वांत जास्त झिजलेली बांधणी त्यांचीच आहे. जुने अंक बालभारतीनं संकेतस्थळावर फुकट ठेवले आहेत. तुमच्या जन्मवर्षाचा एखादा अंक काढून मुलासमोर ठेवा. ‘आई लहान असताना मुलं हे वाचायची’ एवढं म्हटलं तरी तो चाळतो. मोठमोठ्या लेखक-कवींनी आणि चित्रकारांनी या मासिकासाठी काम केलं आहे. अंकात कविता, कोडी, गोष्ट, विज्ञान असं सगळं शेजारी शेजारी असतं, त्यामुळे मुलाला स्वतःची निवड करता येते. आणि निवडायला मिळालं की ते वाचन त्याचं होतं.

माधुरी पुरंदरे यांचं नाव मी मुद्दाम वेगळं घेते. ‘राधाचं घर’ आणि ‘यश’चे संच लहानांचे, तुमच्या मुलासाठी उशीर झाला, पण घरात कुणी भाचरं असतील तर नक्की घ्या. पुरंदरेंच्या पुस्तकांत घर कसं असतं ते चित्रात दिसतं. वाळत घातलेले कपडे, ओट्यावरचा पसारा, आजीची खुर्ची. मुलं वाक्य वाचायच्या आधी चित्रात पाच मिनिटं रमतात, आणि मग वाक्य सोपं होतं. तुमच्या दोन्ही मुलांसाठी त्यांनी नंदिता वागळे यांच्यासोबत केलेले ‘वाचू आनंदे’चे चार खंड आणा. दोन बालगटाचे, दोन कुमारगटाचे. मराठीतल्या चांगल्या लेखनातले वेचे आणि सोबत भारतीय चित्रकला असा तो ऐवज आहे. मी त्याचा उपयोग चव घ्यायला करते. मुलाला दोन-तीन वेचे वाचू देते, त्यातला जो आवडला त्याचं मूळ पुस्तक कपाटातून काढून देते. मुलानं स्वतः माग काढत पुस्तकापर्यंत पोचणं आणि आपण ते त्याच्या हातात कोंबणं यांत फार अंतर आहे.

खर्चाचं म्हणाल तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टींची सचित्र पुस्तकं फुकट वाचायला मिळतात आणि त्यांना वाचनाच्या पायऱ्या लावलेल्या आहेत. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरही मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे. एरवी गावातल्या वाचनालयाचा बालविभाग बघा. वर्गणी अगदी कमी असते आणि न आवडलेलं पुस्तक परत करता येतं, ही सोय दुकानात नाही.

तुम्ही आणलेली दोन पुस्तकंही वाया गेलेली नाहीत. फक्त ती उघडायची रीत बदलू या.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मला जिवापाड प्रिय आहे. पण माझ्या पिढीला तो प्रिय आहे हे आजच्या मुलाला वाचायला पुरेसं कारण नाही. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आलेला, सायकलवर उडणारा हा किडकिडीत पोरगा, त्याचं ‘ट्टॉक्’, हे सगळं आपल्याला आठवणीतून ऐकू येतं. मुलाला मात्र तार, टांगा, वाडा या गोष्टी पहिल्याच पानांवर अडवतात. म्हणून पहिलं प्रकरण तुम्ही वाचून दाखवा, अडणारा शब्द तिथल्या तिथे सांगत, आणि ऐन संकटात पुस्तक मिटून स्वयंपाकाला उठा. संच पहिल्यापासून क्रमानं वाचायची गरज नाही. महाबळेश्वरच्या सहलीत प्रतापगड पाहिला असेल तर ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’पासून सुरू करा. पाहिलेली वाट पुस्तकात आली की मूल दहा पानं सहज ओलांडतं.

‘श्यामची आई’बद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हे पुस्तक मुलांना सर्वांत जास्त भेट मिळतं आणि सर्वांत जास्त न वाचता राहतं. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत लिहिलं. पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. म्हणजे ते ऐकायचं पुस्तक आहे, एका वेळी एक रात्र. आपण ते सलग वाचायला देतो, त्यात मुलाला दर चार पानांनी रडू आणि उपदेश असं मिळत जातं आणि तो मिटून टाकतो. निजताना दिवा मंद करून एकच रात्र वाचून दाखवा. पहिल्यापासून नको. ‘श्यामचे पोहणे’ घ्या. पाण्याला भिऊन लपून बसणारा श्याम आणि त्याला फोकानं बडवून बाहेर काढणारी आई. मुलांना ही आई खरी वाटते, कारण ती चिडते. नंतर तिचं मन का दुखलं हे कळतं तेव्हा खोलीत कुणी बोलत नाही. तिथेच थांबा. ‘यावरून काय शिकलास?’ हा प्रश्न त्या रात्री विचारू नका, नंतरही नको.

एक सूचना माझ्या चुकीतून आलेली. आई नुकतीच गेलेल्या एका मुलाला मी हे पुस्तक दिलं होतं. घरची स्थिती विचारली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यानं ते टेबलावर पालथं ठेवलं आणि काही न बोलता गेला. तेव्हापासून मोठ्या दुःखाचं पुस्तक देण्याआधी मी घरी काय चाललं आहे ते विचारून घेते. अशा मुलालाही कधीतरी ते पुस्तक हवं असू शकतं, पण ते त्यानं मागायचं.

आता मुलीकडे येऊ. तिची अडचण अगदी उलटी आहे. ती पट्टीची वाचक आहे. मराठीत तिला वेग कमी पडत असेल, पण त्याहून मोठं कारण बहुधा हे, की मराठीत तिला जे दिलं गेलं ते तिच्याहून लहान मुलीसाठी होतं. आपल्याकडे बालसाहित्याचं कपाट भरलेलं असतं, मोठ्यांचं भरलेलं असतं, आणि मधल्या तेरा ते सतराच्या मुलांसाठी एक-दीड फळी. आमच्या वाचनालयात तर बालसभासदाला मोठ्यांच्या कपाटातलं पुस्तक द्यायचं नाही असा नियमच होता. बारा वर्षांपूर्वी कार्यकारिणीपुढे भांडून मी तो बदलून घेतला आणि मोठ्यांच्या कपाटातली पन्नासेक पुस्तकं काढून वेगळी फळी केली. त्या फळीवरचीच काही नावं तुम्हाला सांगते.

आधी एक गोष्ट टाळा. ती इंग्रजीतून वाचते त्याच मालिकांचे मराठी अनुवाद तिला देऊ नका. हॅरी पॉटर मराठीत आहे, बराचसा मंजुषा आमडेकरांनी केलेला, आणि इंग्रजी न झेपणाऱ्या कितीतरी मुलांना त्यानं वाचायला लावलं. पण तुमच्या मुलीला मूळ हाताशी असताना ती अनुवाद का वाचेल? तिला मराठीत असं काहीतरी द्या, जे इंग्रजीत तिला मिळणारच नाही.

माझं पहिलं उत्तर प्रकाश नारायण संत. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ अशी चार पुस्तकं, नायक एकच, लंपन. बेळगावच्या बाजूचं गाव, आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा, आईवडील दूर. त्याच्या बोलण्यात कानडी मिसळलेलं मराठी, आणि जागोजागी ‘मॅड’. लंपनला जे वाटतं त्याला तो नाव देऊ शकत नाही, आणि चौदाव्या वर्षी नेमकं हेच होत असतं. सुमी या मैत्रिणीबद्दल त्याला काय वाटतं ते तो कधीच धड सांगत नाही, वाचणारीला मात्र कळतं. भाषेची लय पहिल्यांदा कानाला बसेपर्यंत अडखळायला होईल, म्हणून पहिली दहा पानं तिला मोठ्यानं वाचायला सांगा किंवा दोघी मिळून वाचा. आमच्याकडे ‘वनवास’ नेलेल्या मुली पुढच्या आठवड्यात उरलेली तीन एकदम मागतात. एका वेळी एकच पुस्तक देण्याचा नियम मी तेव्हा मोडते.

मिलिंद बोकीलांची ‘शाळा’, २००४ साली आलेली. नववीचा वर्ग, आणीबाणीचा काळ, आणि मुकुंदचं शिरोडकर या मुलीवरचं प्रेम. तुमची मुलगी नववीतच आहे, म्हणजे हे पुस्तक आत्ताच वाचायचं. अनेक पालक मला विचारतात, यात मुलं शिव्या देतात, मुलींबद्दल बोलतात, द्यावं का? माझं उत्तर असं, की आधी तुम्ही वाचा. मग ते टेबलावर ठेवा. त्यातलं वर्गातलं बोलणं तुमच्या मुलीनं रोज ऐकलेलंच असतं. पुस्तकात फक्त त्याच्या मागचं मन दिसतं. लपवून ठेवलेलं पुस्तक मुलं वाचतातच, पण मग त्याबद्दल आपल्याशी बोलत नाहीत. तो तोटा शिव्यांपेक्षा मोठा आहे.

व्यंकटेश माडगूळकर तिला वेगळ्या कारणासाठी द्या. ‘बनगरवाडी’ आणि ‘सत्तांतर’ दोन्ही लहानखुरी आहेत. जाड इंग्रजी कादंबऱ्या संपवणाऱ्या मुलीला त्या किरकोळ वाटतील, आणि मग त्यांतलं बळ कळेल. ‘बनगरवाडी’ १९५५ची. धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला गेलेला कोवळा मास्तर, आणि शेवटी दुष्काळ. ‘सत्तांतर’मध्ये माणूस जवळजवळ नाहीच, वानरांच्या टोळ्या, एका हुप्प्याची सत्ता जाऊन दुसऱ्याची येणं. काल्पनिक राज्यांतल्या गादीच्या लढाया वाचणाऱ्या मुलांना मी हे पुस्तक हमखास देते. तीच लढाई इथे आपल्या जंगलात, एकही तलवार न घेता होते. पिल्लं मारली जाण्याचा भाग कठोर आहे, तेवढं तिला आधी सांगा.

धरणात बुडणाऱ्या गावातलं लहानपण ल. म. कडूंच्या ‘खारीच्या वाटा’मध्ये आहे. २०१७चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्याला मिळाला. ते तुमचा मुलगाही दोन वर्षांनी वाचू शकेल. विज्ञानाकडे ओढा असेल तर जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह. नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावानं पाठवली होती, तेही पत्नीच्या अक्षरात उतरवून, म्हणजे परीक्षकांना कुणाची आहे ते कळू नये. ही हकिकत सांगितली की मुलं पुस्तक हातात घेतातच. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१पासून आजवर थांबलेलं नाही. गुलामीत जन्मलेला मुलगा शेतीशास्त्रज्ञ कसा झाला ते वाचून दहावीतली मुलं गप्प होतात. आनंद यादवांची ‘झोंबी’ पंधरा-सोळाला, कारण शाळेत जायला मिळावं म्हणून एका मुलाला बापाशी किती झगडावं लागलं हे शाळेला कंटाळलेल्या वयातच वाचावं. दया पवारांचं ‘बलुतं’ त्यानंतर, सतराच्या आसपास, आणि शक्य असेल तर घरात कुणीतरी सोबत वाचत असताना. त्यातलं जातीचं वास्तव मुलांना हादरवतं, आणि हादरल्यावर बोलायला माणूस लागतो.

परभाषेतलंही द्यावं, फक्त ते मराठीत जिवंत उतरलेलं असावं. तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’ चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादात नॅशनल बुक ट्रस्टनं काढलं आहे. रेल्वेच्या डब्यांत भरणारी तोक्योतली शाळा; दोन्ही मुलांना एकदम वाचून दाखवता येईल असं हे दुर्मीळ पुस्तक. आणि तुमच्या मुलाला वेग आल्यावर सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा, अशोक जैन यांच्या मराठीत. तोपशे हा फेलूदाचा चुलतभाऊ गोष्ट सांगतो, वाक्यं छोटी असतात, आणि प्रत्येक रहस्य वेगळ्या गावात घडतं. फास्टर फेणेकडून फेलूदाकडे जाणारी मुलं मी खूप पाहिली. उलटा प्रवास करणारी त्याहून जास्त. म्हणून म्हणते, जुनं आधी आणि नवं नंतर असा क्रम लावून बसू नका.

आमच्या शिक्षणात ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे वाचनालयाचे पाच नियम पाठ करावे लागायचे. १९३१ साली त्यांनी ते पुस्तकरूपानं मांडले. त्यातला एक, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. दुसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. पाठ करताना दोन्ही सारखेच वाटायचे. टेबलामागे बसल्यावर फरक कळला. पहिल्यात मुलाला शोधावं लागतं, दुसऱ्यात पुस्तकाला थांबावं लागतं. ‘श्यामची आई’ तुमच्या कपाटात थांबलं आहे, त्याला थांबू द्या.

घरात करायच्या गोष्टी थोड्याच. एका वेळी तीन-चार पुस्तकं आणा, एक नको. एकच आणलं की ते काम होतं. ती खोलीत दिसतील अशी पडू द्या, कपाटात कणे लावून नकोत. तिसावं पान येईपर्यंत जमलं नाही तर सोडायची मुभा मोठ्यानं जाहीर करा. मुलगा मोठ्या टाइपाचं किंवा लहानांचं पुस्तक उचलत असेल तर ‘हे तुझ्या वयाचं नाही’ म्हणू नका, आणि मुलगी मोठ्यांचं उचलत असेल तरी म्हणू नका. एक पान तुम्ही, एक पान त्यानं, असं रोज पंधरा मिनिटं महिनाभर केलंत तर त्याच्या वेगात फरक दिसेल. महिन्यात नाही दिसला तर डोळे तपासा, आणि अक्षरांची अदलाबदल होते आहे असं वाटलं तर शाळेतल्या शिक्षकांशी बोला. तेव्हा पुस्तक बदलून उपयोग नसतो.

आज एवढंच करा. मुलाला जवळ घेऊन विचारा, फास्टर फेणे कुठे सोडलास? ‘माहीत नाही’ म्हणाला तर पुस्तक टेबलावर कण्यावर उभं धरा आणि हात सोडा; बहुतेक वेळा ते शेवटी उघडलेल्या पानावर उघडतं. त्या पानावर काय चाललं आहे ते वाचा. मुलीला विचारा, शेवटचं मराठी पुस्तक कोणतं होतं आणि ते तिला कुणी दिलं होतं. मुलाचं पान आणि मुलीचं उत्तर मला कळवा, मग प्रत्येकासाठी पुढचं एकेक पुस्तक सांगते.